लेकीला बघायला आले आणि मी लॅटिन काढलं

मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. त्याचा विद्यार्थ्यांवर काही परिणाम झाला नाही. माझ्यावर मात्र झाला. कुठलाही शब्द कानावर पडला की त्याचं कूळ काढल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून लेकीसाठी पुण्याची मंडळी यायची होती, त्या सकाळी बायकोने बजावलं, "अहो, आज फक्त पोहे हां. शब्द नकोत."

मी मान डोलावली.

मुलगा आणि त्याचे आई-वडील, तिघंही साधी माणसं. बडा गणपतीजवळचं आमचं घर त्यांना चटकन सापडलं, पोह्यांवरचा जिरावन मसालाही आवडला. मुलांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. आम्ही हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात मुलाचे वडील सहज म्हणाले, "पाहुण्यांचं फार करता बुवा तुम्ही इंदूरकर."

झालं. मी सरसावून बसलो. इंग्रजी 'गेस्ट', जर्मन 'गास्ट', रशियन 'गोस्त' हे सगळे कसे चुलतभाऊ, मूळ अर्थ दारात आलेला अनोळखी माणूस, आणि फ्रेंचांकडे तर यजमानाला आणि पाहुण्याला 'ओत' हा एकच शब्द. इथवर ठीक होतं. बायको दारातून डोळे वटारत होती, पण मी रंगात आलो होतो.

"आणि गंमत म्हणजे," मी म्हणालो, "त्याच मुळातून लॅटिनमध्ये 'होस्तिस' आला. पुढे त्याचा अर्थ झाला शत्रू!"

मुलाच्या वडिलांचा चमचा पोह्यांतच राहिला. मी घाईघाईने मसाल्याची वाटी पुढे सरकवली.

शेवटी मुलाची आईच हसली. "मग आता तुम्ही आमच्याकडे या. बघू कोण ठरता ते." बैठकीची तारीख ठरवूनच मंडळी उठली. जाताना मुलाने वाकून नमस्कार केला, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

बायकोने बोलणं बंद केलं. मी मुकाट्याने कप विसळायला घेतले. लेक पुसायला शेजारी उभी राहिली.

"बाबा, दुनियाभरचे शब्द पडले होते. हाच का निघाला?"

"अगं, विषय निघाला म्हणून..."

"मी जाऊ नये असं वाटतंय ना? तर मग सीधं म्हणा ना. लॅटिन कशाला?"

हातातला कप केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी विसळत राहिलो.

"नको जाऊस," मी म्हणालो. मग नळ बंद केला आणि म्हणालो, "जा."