खिम्याला भिणारे मामू

अल्लाहला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण खिम्याला भिणारा माणूस उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या ह्यांचे मामू. गंमत अशी की त्यांची हयात खिम्यावरच गेली. रत्नागिरीहून दोह्याला आले, एका सुपरमार्केटच्या मटण विभागात लागले आणि तीस वर्षं खिम्याच्या मशीनपुढे उभे राहिले. बायकामुलं गावी, मामू कंपनीच्या खोलीवर. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की ते अल नस्र भागात आमच्या घरी जेवायला येतात आणि येताना बीफचा खिमा आणतात. "अख्ख्या मटणाचे जंतू वरवर असतात, बाय," ते मला सांगतात. "खिमा केला की ते आत शिरतात. आणि मशीनमधून एक जनावर जात नाही, जनावरांचं अख्खं गाव जातं."

तयार पाकिटातला खिमा त्यांना चालत नाही. तुकडा स्वतः निवडायचा आणि समोर खिमा काढून घ्यायचा. आमच्या रस्त्याच्या पार टोकाचा खाटीक त्यांना लांबून पाहिलं की जोडीदाराला म्हणतो, "चाचा आ गया, मशीन धो डालो." मामू तरी विचारतातच, "कब धोया?"

"अभी, चाचा."

"और मैं नहीं आता तो?"

यावर तो चाकूला धार लावायला घेतो.

एकदा खिमा हातात पडला की मामू वाऱ्यासारखे सुटतात. इथल्या उन्हात मटण किती वेळात बिघडतं ते त्यांना पाठ. एकदा बालपणीचा दोस्त अकरा वर्षांनी भेटला, रस्त्यातच हात पसरून उभा राहिला. मामू त्याच्या बगलेखालून निघून गेले. "खिमा आहे हातात, घरी ये," एवढंच म्हणाले. घर कुठलं ते सांगायलाही थांबले नाहीत. त्यांच्या खिशात पेनासारखं सुईचं थर्मामीटर असतं. कुणाच्याही दावतीला गेले तरी ते कबाबात खुपसतात आणि एकाहत्तर अंशांच्या खाली आकडा दिसला की घरधनिणीला कबाब परत तव्यावर टाकायला लावतात. एकदा तर एका मय्यतीच्या घरी पाणी घ्यायला म्हणून फ्रीज उघडला आणि खिरीच्या वर ठेवलेलं कच्चं मटण खालच्या कप्प्यात लावूनच बाहेर आले. मग बसून रडले.

मी कधी त्यांना उलट बोलले नाही. फक्त एका गोष्टीत त्यांचं ऐकलं नाही. आमच्यात न धुतलेलं मटण चुलीवर चढत नाही. माझ्या आईने मला खिमा चाळणीत घालून सात पाण्यांनी धुवायला शिकवलं. मामू म्हणायचे, "धुऊ नको." मी मान हलवायची आणि ते बाहेर जाऊन बसले की नळ सोडायची.

यंदा माझी लेक बाळंत होऊन चाळीस दिवसांसाठी आमच्याकडे आली. बाळ महिनाभर आधी झालेलं, मुठीएवढं. डॉक्टरणीने बजावलं होतं, याला पोटाचा साधा आजारसुद्धा झेपायचा नाही. त्या शुक्रवारी मामूंनी खिम्यात मूठभर हळद कालवली आणि चाळणी माझ्या हातात दिली. "धू आज. मी काही बोलत नाही."

मला वाटलं, म्हातारा हरला. खिमा सात पाण्यांनी नीट धुतला. मग मामूंनी माझ्या लेकीला बोलावलं आणि बोटाने दाखवत गेले. नळावर पिवळे ठिपके. भिंतीच्या टाइलवर. कोशिंबिरीच्या कोथिंबिरीवर. माझ्या ओढणीवर. आणि सिंकच्या कडेला उकळून सुकत ठेवलेल्या बाळाच्या बाटलीच्या बुचावर एक.

लेक म्हणाली, "अम्मी."

मामू हसले नाहीत. "धुतल्याने जंतू मरत नाहीत, बाय, घर फिरायला निघतात. मरतात ते आचेवर. आज हळद होती म्हणून दिसलं."

मी कोथिंबीर टाकून दिली, सिंक साबणाने घासून काढलं, बाटली पुन्हा उकळली. खिमा मामूंनीच शिजवला. चांगला झाला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

जेवण झाल्यावर लेकीने बाळ त्यांच्यापुढे धरलं. मामू मागे सरकले. "नको गं. हे मशीनवरचे हात."

"धुवा की मग. मटणाला नको म्हणता, हातांना तर चालतं ना?"

मामू उठले. कोपरापर्यंत साबण लावून दोनदा हात धुतले, नव्या टॉवेलने पुसले आणि जमिनीवर मांडी घालून बसले. बाळ मांडीत आल्यावर त्यांनी एक हात अलगद त्याच्या डोक्याखाली सरकवला.

"माझ्या तिघांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चालत होती," मग हळूच म्हणाले. "एवढंसंच वजन असतं होय?"

खाली मामूंना खोलीवर न्यायला कंपनीची बस आली, दोनदा हॉर्न वाजवून निघून गेली. मामूंनी मान वर केली नाही.