मैनोद्दीन मिस्त्रींचा राग

मैनोद्दीनभाई गिऱ्हाइकाला आधी झापायचे, मग गाडीकडे बघायचे. लातूरच्या आडत बाजारामागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक कडुनिंब. बंद पडलेली गाडी ढकलत कुणी घामाघूम होऊन आलं की हातातला पाना खाली न ठेवता ते विचारायचे, "चेनीला त्याल कधी दिलं हुतंस?" माणूस काहीतरी पुटपुटायचा. मग सुरू. अक्कल, शिक्षण, आईबापांनी केलेला खर्च, सगळ्याचा उद्धार व्हायचा. तहसीलमधला बाबू असो की दवाखानावाला डॉक्टर, सगळे मान खाली घालून ऐकायचे, कारण त्यांच्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नसे.

मलाही पहिल्याच दिवशी झापलं. मी तेव्हा तिशीचा, एका कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवायचो. गावाकडे मामाची एक जुनी मोटरसायकल पडून होती. भूकंपात मामाचं घर मामाच्या अंगावर आलं. गाडी शेतातल्या गोठ्यात होती म्हणून वाचली. माणूस गेला आणि लोखंड राहिलं, याचा मला त्या गाडीवरच राग होता. सात-आठ वर्षं तिला कुणी हात लावला नाही, टाकीवर कोंबड्या बसायच्या. शेवटी भंगारात घालावी म्हणून रेणापूरच्या बालाजीच्या दुधाच्या टेम्पोत टाकून लातूरला आणली. बालाजी म्हणाला, भंगारवाल्याकडे जायच्या आधी मैनोद्दीनभाईंना तर दाखवू.

भाई गाडीभोवती एक चक्कर मारून आले. चाकाच्या तारांवरून, इंजिनाच्या खाचांमधून हात फिरवला. कुणाची म्हणून विचारलं, मी सांगितलं. मग माझ्याकडे वळले.

"मामा गेला ते तुझ्या हातात नव्हतं. हे तर हुतं? सात वर्सं तशीच सोडलीस. पोरांना शिकवतूस काय, गंज कसा चढतो ते?"

मी पण चिडलो. म्हणालो, गंज केमिस्ट्रीत येतो.

"मग त्या मास्तरला बोलीव," ते म्हणाले, आणि गाडी आत घेतली.

भंगाराचा विषय तिथंच संपला. नांदेडजवळ एका माळरानावर दर हिवाळ्यात मोटरसायकलींच्या शर्यती व्हायच्या, मातीच्या ट्रॅकवर. हैदराबादेपासून गाड्या यायच्या. भाईंनी आयुष्यभर तिथं पळणाऱ्या दुसऱ्यांच्या गाड्यांची इंजिनं दुरुस्त केली होती; नाव मात्र गाडीवाल्याचं व्हायचं. आता पन्नाशी उलटली होती. एकदा तरी संपूर्ण आपल्या हातची गाडी त्या ट्रॅकवर पळावी आणि लोकांनी विचारावं, कुणी बनवली, एवढीच त्यांची हौस. पळवायला बालाजी होताच. दुधाचा टेम्पोसुद्धा तो शर्यत असल्यासारखा हाकायचा.

मी रोज दुपारच्या बॅचनंतर तिथं जाऊ लागलो. खरं सांगायचं तर क्लासातून पळून जात होतो. तेव्हा लातुरात जिकडे बघावं तिकडे फलक. चौकाचौकांत पहिल्या आलेल्या पोरांचे चेहरे आणि त्यांच्यावर आमचे चेहरे. आमच्या डायरेक्टर सरांनी माझा फोटो बस स्टँडसमोर लावला होता, खाली लिहिलं होतं 'फिजिक्सचे बादशहा'. जळकोटपासून, देगलूरपासून आईबाप पोरं आणून सोडायचे आणि आम्ही त्यांना शिकवायचो काय, तर प्रश्न न समजता उत्तर कसं ओळखायचं ते. मला त्याची किळस यायची, आणि महिन्याच्या महिन्याला मी पगारही घ्यायचो. गॅरेजात मात्र एका पालथ्या डब्यावर बसून बोलणी खाताना बरं वाटायचं. "ए मास्तर, हात हायेत का फावडी?" असं मला दुसरं कुणी म्हणत नव्हतं.

पिस्टन डिझेलमध्ये पंधरा दिवस भिजवावा लागला. मडगार्ड, दिवे, हॉर्न, साडीगार्ड, स्टँड, ट्रॅकवर जे लागत नाही ते सगळं उतरवलं. चौकटीचा मागचा भाग कापून भाईंनी आखूड केला. कानशीने सिलिंडरची भोकं वाढवली, दर दोन घासांनंतर बोट घालून बघायचे. मागचं दातेरी चक्र मोठं बसवलं. पत्रा कापून, वळवून, जोडून मधे फुगीर असा सायलेन्सर तयार केला, तो तीनदा मोडला आणि तीनदा पुन्हा केला. गाडी हलकी झाली का, हे बघायला आम्ही ती शेजारच्या आडतीत तुरीच्या काट्यावर नेली. आडत्या हसला म्हणून त्यालाही झापलं.

पण सगळ्यात जास्त राग यायचा तो सैल सोडलेल्या गोष्टीचा. दोरी असो, झाकण असो, बोल्ट असो. त्याचं कारण मला बालाजीने सांगितलं. भूकंपाच्या दिवशी भाई गॅरेजातले सगळे जॅक आणि साखळीची कप्पी घेऊन ट्रकने गेले होते. चार दिवस दगड उचलत होते. स्वतः ते यावर बोलायचे नाहीत. एकदाच, मी एक नट हातानेच बसवून सोडला तेव्हा, पाना माझ्या हातात आपटून म्हणाले, "दगडावर दगड रचलेला हुता, मास्तर. मधी नुसती माती. कुनी कुनाला धरलेलंच न्हाई. मी बघून आलोय." मी तो नट पुन्हा आवळला.

हैदराबादच्या उस्तादाकडून ते एक रीत शिकून आले होते. ट्रॅकच्या गाडीत महत्त्वाच्या बोल्टच्या डोक्याला बारीक छिद्र पाडायचं, त्यातून तार ओवायची, पिळायची आणि शेजारी अडकवायची, म्हणजे हादऱ्यानं बोल्ट फिरून गळत नाही. तार झाली की बोल्टशेजारी पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा: काम पूर्ण. ते काम मला दिलं. सुरुवातीला माझी प्रत्येक तार ते स्वतः चाचपायचे. "डोळा फसवतो, हात न्हाई फसवत," म्हणायचे. कुणाच्याही कामावरून हात फिरवल्याशिवाय सोडायचे नाहीत, तीस वर्षं मुरलेल्या कारागिराचं असलं तरी. शेवटच्या महिन्यात माझं काम चाचपणं त्यांनी थांबवलं. तोंडाने काही बोलले नाहीत. पण मला कळलं, आणि कोणत्याही फलकाने झालो नव्हतो एवढा मी फुगलो.

शर्यतीच्या आदल्या दुपारी गिअरचं ऑइल बदललं. इंजिनाच्या पोटाखालचा ऑइलचा बोल्ट आणि आणखी पाच-सहा बोल्ट माझ्याकडे होते. रंगाची डबी उघडलेली, रंग वाळत चाललेला. मी विचार केला, ठिपके आधी देऊन टाकू, तारा मग एकदम ओवू. क्लासात पोरांना हेच शिकवायचो, एकसारखी कामं एकत्र उरका, वेळ वाचतो. ठिपके दिले. तारा ओवत आलो. पोटाखालचा एकच राहिला होता, नुसता हाताने बसवलेला, आणि क्लासचा शिपाई सायकलवरून आला. पालकांची मीटिंग आहे, डायरेक्टर सर बोलावतात. मी हात पुसले आणि गेलो. मीटिंगमध्ये मी फिजिक्सवर पाऊण तास बोललो. त्या बोल्टची मला आठवणसुद्धा झाली नाही.

सकाळी आम्ही नांदेडला. डायरेक्टर सरांनी टायर घेऊन दिले होते म्हणून टाकीवर क्लासचं नाव होतं आणि ते स्वतः जीप घेऊन आले होते. गाडी सुरू झाली तेव्हा भाईंनी डोळे मिटून आवाज ऐकला. बालाजी पाचवा निघाला. दुसऱ्या फेरीत तिसरा आला. कडेला दोन माणसं एकमेकांना विचारत होती, ही कुणाची रे गाडी? भाईंनी ते ऐकलं, मी त्यांचं तोंड बघत होतो. त्यांना हसताना मी फार बघितलेलं नव्हतं.

चौथ्या फेरीत वळणावर मागचं चाक सरकलं. गाडी आडवी झाली, बालाजीचा पाय खाली. मागून येणारा त्याच्यावर आदळता आदळता वाचला. आम्ही धावलो. बालाजीचा घोटा मोडला होता, तो ओरडतही नव्हता, नुसता माती मुठीत धरून होता. त्याला उचलून नेलं. मग भाईंनी गाडी कलती केली आणि पोटाखाली हात घातला. बोट सरळ भोकात गेलं. सगळं ऑइल मागच्या टायरवर आलेलं. शेजारच्या पत्र्यावर माझा पिवळा ठिपका होता, कोरडा, स्वच्छ.

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

शर्यतीवाले जमले. बोल्ट न आवळता गाडी ट्रॅकवर आणता, माणूस मारायचा का, म्हणून एक जण सगळ्यांसमोर भाईंना वाट्टेल ते बोलला. ज्या माणसाने अर्ध्या लातूरला सैल बोल्टवरून झापलं, तो मान खाली घालून उभा होता. डायरेक्टर सर पुढे झाले, टाकीवरच्या नावाची काळजी त्यांना. विचारू लागले, आमचे सरही काम करत होते ना यावर?

मैनोद्दीनभाई म्हणाले, "सरांचा काय संबंध? सर नुसते चहाला येत्यात माज्याकडं. बोल्ट माजाच."

मी तिथं होतो. दोन हातांवर. तोंड उघडायचं होतं, एवढंच. बस स्टँडसमोरचा फोटो, पालक, पगार, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं आणि मी गप्प बसलो. वर डायरेक्टर सरांच्या जीपमध्ये बसून परत आलो. आज वीस-बावीस वर्षं झाली, त्या जीपच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या कानाखाली मारावी असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेलो. रस्ताभर तयारी केली होती. म्हटलं, शिव्या देतील, पाना फेकून मारतील, आपण खाऊ. भाई उठले. आतून खुर्ची आणली, गिऱ्हाइकासाठी असते ती. फडक्याने पुसली. "बसा, सर," म्हणाले.

मी डब्याकडे गेलो तर म्हणाले, "तिथं कपडे खराब होत्याल तुमचे."

मला त्या 'तुमचे'चा इतका संताप आला की सांगता सोय नाही. मी म्हणालो, भाई, बोला ना काहीतरी. त्यांनी चहा मागवला. पुढचे सहा महिने मी जात राहिलो आणि सहा महिने ती खुर्ची पुसली जात राहिली. मुद्दाम मी एकदा चेन लोंबती ठेवून माझी रोजची गाडी घेऊन गेलो. त्यांनी न बोलता आवळून दिली, "काही अडचन आली तर या, सर," म्हणाले. हा माणूस ज्याला झापायचा त्याला आपलं मानायचा, हे माझ्यासारख्या बादशहाला तेव्हा उमगलं.

त्या बोल्टची बातमी मात्र गावभर झाली. झापून घेतलेली माणसं वाट बघतच असतात. आता तीच माणसं चेन दाखवायला येऊन विचारायची, मिस्त्री, यात तरी बोल्ट घातलाय ना? काम ओसरलं. शेवटी गॅरेज बंद करून ते देगलूरला बहिणीकडे गेले, फवारणीचे पंप दुरुस्त करू लागले. बालाजीचा पाय बरा झाला, पण लंगडणं राहिलं. त्याला मी खरं सांगितलं ते दोन वर्षांनी, आणि डायरेक्टर सरांना सांगितलं ते माझा स्वतःचा क्लास सुरू झाल्यावर, म्हणजे सांगून माझं काही बिघडणार नव्हतं तेव्हा. बालाजी म्हणाला, "मला ठावं हुतं, सर. तुमी दवाखान्यात माज्याकडं बघतच नव्हता." त्यानेही सर म्हटलं. पण तो पहिल्यापासून म्हणायचा.

भाई वारले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी देगलूरला गेलो. खोकला फार होता, हात थरथरत होते. बहिणीच्या घराच्या ओसरीवर पंपांची रांग लावून बसले होते. मला ओळखलं. खुर्ची आली, पुसली गेली. मी बसलोच नाही. उभ्यानेच सांगून टाकलं की बोल्ट माझा होता, ठिपका मी आधी दिला होता, आणि त्या दिवशी मी मुडद्यासारखा उभा राहिलो. म्हणालो, तुम्ही मला झापलं का नाही?

"किती वर्सं झाली, सर," ते म्हणाले. "बसा. उनातून आलाव."

तेवढ्यात एक शेतकरी पंप खांद्यावर घेऊन आला. नळीची पट्टी सैल, औषध गळून त्याचा सदरा भिजलेला. भाईंनी नुसता हात लावला आणि सुरू झाले. अक्कल गहाण टाकलीस का, हे इख हाय का पानी, घरी लेकरं हायेत का न्हाईत, अंगावर घिऊन मरायचंय का. खोकला येत होता तरी थांबेनात. तो बिचारा मान खाली घालून, ओलसर सदऱ्यात, ओसरीच्या मातीत उभा होता. मला त्याचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. शिव्या संपल्या, पट्टी आवळून झाली, मग भाई दम घेऊन माझ्याकडे वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सर, चहात साखर चालती ना तुमाला?"