वैशू, तुझी फ्लॉपी चांगलीच होती

वैशू, समोर असतीस तर कान धरून शेजारी बसवलं असतं तुला! बाबाला जाऊन महिना झाला, आणि पुण्याहून फोनवर तुझं एकच पालुपद, "आत्या, मी बाबांना त्रासच दिला." त्या फ्लॉपीपायी ना? मग ऐक. चार लोकांसमोर कबूल करायचंय, म्हणून पेपरातच लिहितेय.

तुझा बाबा सुभाष, माझा धाकटा भाऊ. मेहरूणच्या घरी पुढच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर. धरणगावच्या एका छापखान्यासाठी त्यानं लग्नपत्रिकांचे नमुने पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम लिहिला होता. फाईलमधलं चित्र उघडून पडद्यावर आणायला मात्र तो दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला प्रोग्रामचा तयार भाग, म्हणजे लायब्ररी, वापरायचा. ती जुनी, मोठं चित्र आलं की अडून बसायची. सुट्टीत तू तिची नवीन आवृत्ती फ्लॉपीवर आणलीस, केवढा हरखला होता! तू परत गेलीस, त्यानं ती बसवली, आणि... शेंदरी गणपती निळा, हळद आकाशी. लग्नसराई तोंडावर, आणि नमुने पसंत करायला छापखान्याचे आबा समोरच बसलेले.

"हाई काय शे, भाऊ? असा गणपती देखीसन लगीनले कोन यी?"

"थांबा आबा, जुनी लावतो परत," म्हणत सुभाषनं डब्यातली जुनी फ्लॉपी घातली. तिच्यातही नवीनच! कॉम्प्युटरमधली जुनी तर बसवतानाच गेलेली.

हे मीच केलेलं गं. नवीनची एक प्रत करून ठेव, म्हणाला होता. नवीन लोणचं घालायचं तर आपण आधी जुनी बरणी रिकामी करून धुतो. मी जुनी फ्लॉपी पुसून तिच्यावरच प्रत केली. पुसायला त्यानंच शिकवलं होतं. म्हटलं, "सुभाष, मी पुसली रे." तो म्हणाला, "अक्का, चहा टाक. आबांनाही."

आणि बसला आपलाच प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचत. दुपार कलल्यावर हाक आली, "अक्का, ये बरं, काय दिसतं?" शेंदरी गणपती! जुन्या लायब्ररीत लाल-निळ्याची अदलाबदल व्हायची, म्हणून यानं कधीकाळी ती सरळ करणारी एक ओळ घालून ठेवलेली. नवीनमध्ये ती चूक मुळातच नव्हती. याची ओळच सरळ आलेले रंग उलटे करत होती. ती काढली, झालं. मोठी चित्रंही झरझर उघडली. "आते बठ्ठं बरोबर शे," म्हणत आबांनी दुसरा चहा मागितला.

ते गेल्यावर सुभाष हसला. "जुनी सापडली असती ना अक्का, तर तीच लावून बसलो असतो. अन् पोरीच्या चांगल्या वस्तूला जन्मभर नावं ठेवली असती."

हे मी तुला कधी सांगितलंच नाही. स्वतःच्या लाजेपायी फोनवर अर्धंच सांगितलं, रंग बिघडले एवढंच. तू ते मनात धरून बसलीस. आज लिहून टाकलं, हलकं वाटतंय बाई. तूही हलकी हो.

प्रोग्राममध्ये काही बदललं की तो मलाच बोलवायचा. तुला यातलं कळत नाही, म्हणून तुझेच डोळे खरे, म्हणायचा. अजून त्या खोलीवरून जाताना पाय थबकतो... कॉम्प्युटर झाकून ठेवलाय. एकटीला उघडवत नाही. शनिवारची गाडी धर, ये. तू चालू कर, मी शेजारी बसते.