सिस्टरांची मूठ

"बघू नका, डॉक्टर. दाबून धरा." आमच्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर हे इतक्या शांतपणे म्हणत, की दुसऱ्यांदा म्हणावं लागत नसे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आवाज चढत नाही, पण समोरचा गप्प होतो.

नव्वदीच्या दशकात मी बारामतीत नवा सर्जन होतो, आणि उतावळा. सिस्टर पळसदेवच्या. चिडल्या की गावचं बोलत.

एका दुपारी निरवांगीकडून एका बाईला जीपमधून आणलं. पोट फुगून ताठ, नाडी लागेना. नवरा म्हणाला, "म्हशीनं लाथ घातली."

सिस्टरनी साडी बाजूला केली. बेंबीच्या वर चपलेच्या टाचेचा निळा ठसा होता. "तुमची म्हस चप्पल घालती व्हय?" त्यांनी विचारलं. नवरा बाहेर निघून गेला.

पोट उघडलं तसं काळपट रक्त टेबलावरून माझ्या पायांवर आलं. कण्यालगतची मोठी शीर फाटली होती. धमनी निदान चिळकांडी उडवून जागा दाखवते. शिरेचं रक्त नुसतं भरत राहतं. मी हातात चिमटा घेऊन फाटलेली जागा शोधू लागलो. सिस्टरनी माझा हात बाजूला सारला, आत पॅड कोंबले आणि वर मूठ रोवली.

"आधी रक्त चढू द्या. तवर मी हाय."

निरोप मिळताच धावत आलेल्या बाईच्या भावाचं रक्त काढून बाटली चढेपर्यंत तास गेला. मूठ हलली नाही. मग त्यांनी एकेक बोट उचललं, तसे मी टाके घातले.

शुद्धीवर आल्यावर बाईनं पोलिसांना म्हशीचंच नाव सांगितलं. सिस्टर रोज ड्रेसिंग करताना एवढंच विचारत, "परत त्याच घरात जाणार हायस?" ती भिंतीकडे तोंड करी.

घरी सोडायच्या दिवशी नवरा आला. बाई खाटेवरून उठली नाही. "म्हस न्हवती. ह्यानंच तुडवलं. मी भावाकडं जाती."

तो तिच्यावर धावला. सिस्टर मधे आल्या आणि ठोसा त्यांच्या तोंडावर बसला. वॉर्डातल्या लोकांनी त्याला खाली पाडून लाथांनी तुडवायला सुरुवात केली. रक्ताळलेल्या ओठांनी सिस्टर म्हणाल्या, "सोडा त्याला. मला आज आणखी एक पोट उघडायचं न्हाय."

मग पोलीस त्याला घेऊन गेले. सिस्टरांच्या ओठाला मी टाका घातला.

पुढे काही वर्षांनी, निवृत्तीच्या आधीच, सिस्टर काविळीनं गेल्या. त्यानंतर काही महिन्यांनी ती बाई पेरूंची पिशवी घेऊन आली. "त्या शिस्टरबाई कुठं हायत?"

मी सांगितलं. ती बाकावर बसली.

"त्यांचं नाव काय वं? मी कधी इचारलंच न्हाय."

मी नाव सांगितलं. तिनं ते हळू आवाजात दोनदा म्हणून पाहिलं. मग पिशवी उचलली आणि वॉर्डात खाटेखाटेवर पेरू वाटत गेली.