काकूआजीचा मंगळ आणि माझा

मंगळावर गाडी उतरली त्या हिवाळ्यात तुम्ही दोघं नातवंडं सुटीला नाशिकला आला होतात. माझ्यासाठी आला आहात, असं मी धरून चालले होते. पण सकाळचं दूध संपलं की तुम्ही खालच्या मजल्यावर, माझ्या धाकट्या जावेकडे, म्हणजे तुमच्या काकूआजीकडे. तिच्या मुलानं अमेरिकेहून मंगळाचा मोठा, चकचकीत फोटो पाठवला होता. जमीन तांबूस, आकाश बदामी. तो तिनं फ्रिजवर लावला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

मग मीही इंग्रजी वर्तमानपत्रातून एक मंगळ कापून ठेवला. त्यात दगड करडे, आकाश निळसर. “काकूआजीच्या फोटोचा रंग बिघडलाय,” मी तुम्हाला सांगितलं.

तिच्यापर्यंत ते पोचायला कितीसा वेळ! “वहिनी, वाद कशाला? उन्हात नेऊन बघू,” ती म्हणाली. मेनरोडला साडी घेताना आम्ही तेच करायचो. ट्यूबलाइटवर विश्वास न ठेवता पदर धरून दुकानाच्या पायरीवर यायचो. तसे दोन्ही मंगळ अंगणात आले. उन्हात तिचा आणखीच खुलला, आणि माझ्या कागदातून मागची कांद्याच्या भावांची बातमी दिसायला लागली.

मी सायबर कॅफेत जाऊन सगळं वाचून आले आणि तुम्हाला शेजारी बसवून सांगितलं. उन्हात कळतो तो कागदाचा रंग, मंगळाचा नव्हे. म्हणून त्या गाडीवर रंगीत तुकडे लावलेली एक तबकडी आहे. तुकड्यांचे खरे रंग इथे आधीच मोजलेले; फोटोत ते कसे उतरले हे पाहून बाकीचे रंग ठरवतात. आणि फोटो दोन तऱ्हांनी करतात. एकात, तिथे उभ्या माणसाला दिसेल तसं. हवेतल्या धुळीमुळे तिथला उजेडच तांबूस असतो. दुसऱ्यात, तेच दगड आपल्या उजेडात कसे दिसतील तसं, म्हणजे ओळखीच्या दगडांशी ताडून बघता येतात. माझा फोटो या दुसऱ्या तऱ्हेचा.

इतका वेळ तुम्ही माझ्याजवळ पहिल्यांदाच बसलात.

“म्हणजे काकूआजीचा बिघडलेला नाही?” तुमच्यातल्या धाकटीनं विचारलं. मी उत्तर देईपर्यंत तुम्ही दोघं जिन्यात.

थोड्या वेळानं जाऊ तुम्हाला घेऊन वर आली. “वहिनी, तुमचाही खराच आहे म्हणे! फक्त नाशिकच्या उन्हात वाळत घातलेला.”

तिचा पदर धरून तुम्ही दोघं किती हसलात! वाचून आले मी, आणि हशा तिला मिळाला. ते मला अजूनही पुरतं पचलेलं नाही.