वॉशिंग्टनला नेलेला हलवा

अमेरिका मी पाहिलेली नाही आणि आता पाहायची इच्छाही उरलेली नाही. पण तिथल्या खिळे बनवणाऱ्या कारखानदारांच्या एका संघटनेने माझा संसार मोडला, असं मी सरळ म्हणते. ऐकणारे ओशाळतात, विषय बदलतात. कुणी समजूत घालतं की असा कुणावर ठपका ठेवू नये, ज्याचं त्याचं आयुष्य तेवढंच असतं. मी चहा ओतत राहते आणि माझं मत बदलत नाही.

त्यातून मी नागरिकशास्त्राची बाई. इथे मस्कतला, वादी कबीरच्या शाळेत वरच्या वर्गांना राज्यशास्त्र शिकवते, आणि त्यात दबावगटांवर एक आख्खा धडा आहे. समान हितसंबंध असलेली माणसं एकत्र येतात, स्वतः सत्तेवर न जाता सरकारच्या धोरणावर प्रभाव पाडतात, वगैरे. मुलं इंग्रजीत घडाघडा घोकतात. अमेरिकेचं उदाहरण मी हमखास द्यायचे. तिथे हे काम करणाऱ्यांची रीतसर नोंदणी होते, त्यांना लॉबिस्ट म्हणतात, आणि लोकशाहीत प्रत्येकाला आपलं म्हणणं मांडायला अशी जागा मिळते, असं मी मोठ्या उत्साहाने सांगायचे. त्या ‘प्रत्येकाला’वर माझा आवाज जरा चढायचा.

माझा नवरा खिळ्यांच्या कारखान्यात होता. मस्कतबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत तो तरुण इंजिनियर म्हणून आला तेव्हा तिथे नुसती मोकळी जागा होती. पहिलं मशीन त्याने उभं केलं आणि पुढे सगळी शेड त्याच्याकडे आली. खिळे सगळे अमेरिकेला जायचे. तिथली घरं लाकडी सांगाड्याची असतात, त्यांना खिळे पोत्यांनी लागतात. टीव्हीवर अमेरिकेतलं एखादं घर दिसलं की हा सोफ्यावरून पुढे सरकून म्हणायचा, "यात आपला खिळा असणार." मी म्हणायचे, "मग जाऊन ओळख दाखव, एक रात्र राहू देतील." आमचं हे ठरलेलंच होतं. अल् खुवैरच्या आमच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर फोटो लावायचा तरी तो खिळा निरखून बघायचा आणि नाक मुरडायचा.

शेडमधली बरीच माणसं रत्नागिरीकडची, मुसलमान. कुणाचा भाऊ आला, मग कुणाचा मेहुणा, असं करत अर्धा गाव तिथे जमला होता. रमजानमध्ये त्यांच्याकडून आमच्या घरी डबे यायचे, दिवाळीत आमचा फराळ शेडमध्ये जायचा. त्यातला सर्वांत जुना एक ऑपरेटर होता, त्याला सगळे चाचा म्हणायचे. पहिलं मशीन सुरू झालं तेव्हा माझ्या नवऱ्याबरोबर तो उभा होता. माझ्या चकल्या जरा कडक होतात हे मला तोंडावर सांगणारा तो एकटाच.

मग एक दिवस बातमी आली. अमेरिकेतल्या खिळे कारखानदारांच्या संघटनेने सरकारकडे तक्रार केली होती की बाहेरून येणारा स्वस्त माल आम्हाला मारतो आहे, त्यावर जबर शुल्क लावा. लागलं असतं तर आमचा माल तिथे कुणी घेतलाच नसता. शुल्क नको म्हणणारीही एक संघटना तिथे होती. घरं बांधणारे आणि खिळे विकणारे दुकानदार, त्यांना स्वस्त माल हवा होता. म्हणजे तिथल्याच दोन गटांची आपसात जुंपली होती आणि आमची शेड मधल्या मध्ये. निर्णय एका आयोगाचा. पण दोन्ही गट आपापल्या खासदारांच्या दारात उभे होते, कारण खासदार आयोगापुढे येऊन बोलू शकतो, पत्रं धाडू शकतो, आणि त्याचं वजन पडतं.

आमच्या अर्बाबनेही, म्हणजे कारखान्याच्या ओमानी मालकाने, वॉशिंग्टनमधला एक वकील आणि एक लॉबिस्ट गाठला. मी नवऱ्याला म्हटलं, "म्हणजे वशिलाच की."

"वशिला नाही ग, तिथे कायद्याने चालतं हे सगळं. शिकवतेस काय मग तू?"

अर्बाबला काही शिकवावं लागलं नाही. आमच्याकडे काहवा, म्हणजे इथली कडवट कॉफी, पिताना तो हसून म्हणाला, इकडचा वास्ता, म्हणजे तुमचा वशिला, आणि तिकडची लॉबी एकच, फक्त तिकडे पावती मिळते. मला तो विनोद तेव्हा आवडला होता.

सुनावणीत बोलायला कारखान्याचा माणूस हवा होता. नवऱ्याला जायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी त्याने शेडमध्ये सगळ्यांना गोळा केलं. मी त्याला न्यायला गेले होते म्हणून दारातून ऐकलं. तो म्हणाला, "मी बोलून येतो. शेड बंद होणार नाही. नक्की."

आता इथे राहणारं कुणीही उद्याचं काही बोललं की पुढे इन्शाल्ला जोडतं. मीसुद्धा जोडते, भाजीवाल्यालासुद्धा. चाचा पुढे होऊन हळूच म्हणाला, "इन्शाल्ला बोला, साहेब."

नवरा हसला. "इन्शाल्ला नाही चाचा, नक्की. आपला माल चोख आहे, हिशेब चोख आहेत. नुसतं जाऊन सांगायचं आहे."

त्याचा खरंच असा विश्वास होता की नीट समजावून सांगितलं की माणसाला पटतं. मशीनवर आयुष्य काढलेल्या माणसाचा असतो तसा.

कुणाच्या दारी कामाला जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? इथे तर हलवा आणि काहवा झाल्याशिवाय कामाचा विषय काढणंसुद्धा अडाणीपणाचं समजतात. त्याने मस्कतच्या चांगल्या दुकानातून केशर-बदाम घातलेला ओमानी हलवा आणला. मी ते डबे कपड्यांच्या मध्ये, सांडू नयेत असे बसवले. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सुनावणीआधी तिथल्या एका खासदाराची भेट ठरली होती. त्याच्या ऑफिसच्या दारात वकिलाने नवऱ्याच्या हातातली पिशवी पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला. परदेशी कंपनीचा माणूस सरकारी ऑफिसात भेटवस्तू नेतो म्हणजे काय! गाडीत ठेवून या म्हणाला, उगाच कुणी बोट दाखवायला नको. नवरा मुकाट्याने ठेवून आला. मला फोनवर सांगताना तो स्वतःवरच हसत होता. पण पुढचं सांगताना हसला नाही. त्याच संध्याकाळी त्याच खासदाराच्या निवडणूक निधीसाठी जेवण होतं, आणि तिथली टेबलं त्या खिळेवाल्या संघटनेच्या सभासदांनी घेतलेली होती. ते अगदी कायद्यात बसत होतं. आमचा लॉबिस्टही त्या जेवणाला जाणार होता, कारण तिकडच्या लॉबिस्टशी त्याची चांगली मैत्री होती. दोघांची मुलं एका शाळेत.

खासदार भेटला नाहीच. त्याच्या ऑफिसातली एक मुलगी भेटली, वागायला चांगली होती. तिने विचारलं, तुमच्या खिळ्यांमुळे आमच्या मतदारसंघात किती लोकांना काम मिळतं? नवरा म्हणाला, तिथलं मला माहीत नाही, पण माझ्या शेडमध्ये... आणि तो आपल्या माणसांबद्दल सांगायला लागला. चाचाबद्दल, पहिल्या मशीनबद्दल. वकिलाने हळूच त्याचं कोपर दाबलं. बाहेर आल्यावर समजावलं की ती माणसं इथे मत देत नाहीत, त्यांच्याबद्दल बोलून वेळ घालवू नका.

"आपली माणसं ते मोजतच नाहीत ग," तो मला म्हणाला. "म्हणजे दुष्टपणाने नाही. त्यांच्याकडे तो रकानाच नाही."

सुनावणीत त्याला काही मिनिटं मिळाली. त्याच्या आधी तिकडच्या एका कारखान्यातला कामगार बोलला. आपलं गाव कसं ओस पडलं ते सांगताना त्याला रडू आलं. मी ताडकन म्हटलं, "शिकवून आणला असेल." नवरा माझ्यावर चिडला. "तो खोटं बोलत नव्हता," म्हणाला. मधल्या सुट्टीत तो त्या माणसाजवळ गेला. तो काही सरकारी नव्हता, म्हणून हलव्याचा एक डबा त्याला दिला. दोघं कॉफीच्या मशीनजवळ उभे राहून कागदी बशीत हलवा खात होते, आणि दोन्हीकडचे वकील लांबून घाबऱ्याघुबऱ्या बघत होते. त्या माणसाच्या कारखान्याचं पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

शुल्क लागलं. उरलेले डबे परत आले होते. ते संपवताना आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही.

ऑर्डरी थांबल्या. अर्बाबने थोडे दिवस तग धरला आणि मग एका सकाळी हात झटकून "खलास" म्हणाला. वाईट माणूस नव्हता, त्याचेही डोळे लाल होते. शेडमध्ये सांगायचं काम नवऱ्याने स्वतःकडे घेतलं. कुणी आवाज चढवला नाही. चाचा एवढंच म्हणाला, "तुमी आमच्यासाठी तिथवर गेलाव साहेब, तेच बस झाला." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नवरा मला गाडीत म्हणाला, आणि त्याने गाडी कडेला घेऊन थांबवली.

इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की माणूस जातो. ती माणसं गटागटाने जायला लागली. हा प्रत्येक वेळी स्वतः गाडी काढून विमानतळावर सोडायला जायचा. एकदा मी वैतागले. कंपनीची बस आहे, तू काय त्यांचा मामा लागतोस? तो बुटाचे बंद बांधत होता. वर न बघता म्हणाला, "मी नक्की म्हणालो होतो." चाचाला सोडायला मीही गेले. त्याने सामानातून चकल्यांचा डबा काढून दाखवला आणि म्हणाला, "या बारीला बऱ्या झाल्यात." खोटं बोलत होता.

मशीनं विकली जाईपर्यंत नवऱ्याला ठेवून घेतलं होतं. एका शुक्रवारी सकाळी, सुट्टी असताना, मशीनला तेल घालून येतो म्हणून तो गेला. बंद मशीनला कसलं तेल, असं मी विचारलंही. पहारेकऱ्याला तो पहिल्या मशीनजवळ बसलेला सापडला, भिंतीला टेकून. डॉक्टर म्हणाले, हृदय. डॉक्टरांना तेवढंच दिसणार. मला बाकीचं दिसत होतं आणि ते मी कुणाला सांगणार होते? अग्नी इथेच दिला. आमची मुलगी पुण्याहून आली, पंधरवडा राहिली आणि गेली. फ्लॅटमध्ये तो नाही हे मला रोज सकाळी नव्याने कळतं. शाळेने माझा व्हिसा आपल्याकडे घेतला म्हणून मी अजून इथे आहे. तो धडाही शिकवते. फक्त त्या ‘प्रत्येकाला’ शब्दाशी आले की खडू घेऊन फळ्याकडे वळते.

चाचाचा फोन आला तेव्हा मी वह्या तपासत होते. बराच वेळ तो नुसताच "भाभी, भाभी" म्हणत राहिला. मग म्हणाला, "एक डाव आमच्या गावाला येवा. साहेबांनी येतो म्हणून सांगितलेलान. घर बांधलाय. आपलेच खिळे हायेत."

"येईन चाचा," मी म्हटलं. "मे महिन्यात येईन. नक्की."

पलीकडे शांतता. त्याने फोन ठेवला नव्हता, श्वास ऐकू येत होता. तो थांबला होता. मला सांगायची हिंमत त्याला होत नव्हती, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"इन्शाल्ला," मी म्हणाले.

आणि तिकडे म्हाताऱ्याला रडू फुटलं.