बॅटींची खंडेनवमी

आमच्या थोरल्या साडूंना उद्या स्वर्गात जरी धाडलं, तरी ते आधी दारावरच्या पहारेकऱ्याचं मनगट सैल करतील आणि मगच आत जातील, याबद्दल आमच्या सासुरवाडीत दुमत नाही. डच मुलखातल्या हार्लेममधल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या पोरांच्या बेसबॉल संघाचे ते कोच. वास्तविक हा गृहस्थ साताऱ्याचा, पोटापाण्याला सॉफ्टवेअरमधला, आणि बेसबॉलची बॅट त्यांनी पहिल्यांदा हातात धरली ती चाळिशी उलटल्यावर. घराजवळच्या मैदानाच्या कुंपणाबाहेर उभे राहून ते आतल्या पोरांना फुकटचे सल्ले देत. रोज देत. शेवटी तिथला म्हातारा कोच वैतागून म्हणाला, "मग तूच ये आत!" साडू आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. तळाला पडलेला संघ दरसाल करंडक आणू लागला आणि मेहुणीच्या शोकेसमधल्या कपबशांची रवानगी माळ्यावर झाली.

पोरं त्यांना 'काका' म्हणत. काका डच बोलत, पण सामना रंगला की थेट सातारी. "पळ की लेका!" अशी आरोळी आली की सोनेरी केसांची सहा फुटी पोरं जिवाच्या आकांतानं पळत. कौतुक करणं मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. यान नावाच्या पोरानं एकदा चेंडू मैदानाबाहेर भिरकावून अंतिम सामना जिंकून दिला. सगळे नाचत असताना साडू म्हणाले, "मनगट अजून ताठच आहे." 'बरं आहे' हा त्यांच्याकडचा सर्वोच्च किताब होता आणि तो अजून कुणाला मिळालेला नव्हता. हंगाम संपता संपता खंडेनवमी येई. मग क्लबात सगळ्या बॅटी ओळीनं मांडून हळदकुंकू वाहायचं, पेढे वाटायचे, आणि त्या दिवशी कुणीही बॅट उचलायची नाही. कुणाच्या तरी बापानं यामागचं शास्त्र विचारलं. साडू म्हणाले, "वर्षभर राबते बिचारी. एक दिवस तरी निजू दे की!"

मग कोरोना आला. सामने बंद पडले, तेव्हा साडूंनी लॅपटॉपसमोर लाटणं फिरवून शिकवणी चालू ठेवली. त्या दिवसांत मेहुणीकडे पोळ्या बंद होऊन भातच शिजत असे. जरा मोकळीक मिळाली, पण शरद ऋतूत सामने पुन्हा थांबले आणि खुद्द साडूच आजारी पडले. इस्पितळातून घरी आले ते दोन वाक्यांत धाप लागावी इतके थकूनच. फोनवर म्हणाले, "आजाराचं काही नाही हो, साडूबुवा. पण ही पोरं या वयात एकदा घरी बसली, की मैदानाकडे फिरकत नाहीत. माझा संघ गेला." इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

खंडेनवमीच्या सकाळी मी दोन गल्ल्या ओलांडून त्यांच्या दाराशी मऊ भाताचा डबा ठेवायला गेलो, तर वरच्या खिडकीसमोर दीड-दीड मीटर अंतर सोडून पोरं उभी. सगळीच्या सगळी. प्रत्येकाच्या हातात बॅट, तिला सुपरमार्केटातली हळद आणि कुंकू म्हणून पाप्रिकाची लाल पूड फासलेली. खिडकीत साडू दिसताच यानने खूण केली आणि सगळ्यांनी बॅटी उंच धरल्या. साडूंचे डोळे भरून आले. त्यांनी खिडकी उघडली, श्वास गोळा केला. आता तरी किताब मिळणार म्हणून आम्ही सगळे माना वर करून थांबलो.

"अरे गाढवांनो," साडू धापा टाकत म्हणाले, "आज बॅट... उचलायची नसते!"

पोरांनी मुकाट्यानं, तान्ह्या बाळाला निजवावं तशा, बॅटी फुटपाथवर ओळीनं आडव्या ठेवल्या. साडू बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.

"बरं आहे," ते म्हणाले.

पोरांपर्यंत ते पोचलं नाही. मी खिडकीखाली दाराशीच होतो, म्हणून मला ऐकू आलं. मी ते पोरांना सांगितलं तेव्हा यान रडला. पोरं मैदानावर परत आली, साडूंचा तो आवाज मात्र आला नाही. आता ते कडेला खुर्ची टाकून बसतात आणि "पळ की लेका!" हे यान ओरडतो. चांगलं ओरडतो तो, तरी माझी मान सवयीनं खुर्चीकडेच वळते.